मापात पाप कोणाचं?

“ताई, आमच्याकडचं माप थोडं लहान येतं, तुम्ही एक्सएल घालून बघा.” लक्ष्मी रोडपासून दादरपर्यंत कुठल्याही कुर्त्यांच्या दुकानात हे वाक्य कानावर पडतं. पलीकडच्याच दुकानात त्याच बाईला एम सैल होतो. ट्रायल रूममध्ये तिसरा कुर्ता खांद्यातून खाली उतरायचं नाव घेत नाही, बाहेर कुणीतरी दार वाजवतं, आणि आतली बाई आरशासमोर ठरवून मोकळी होते की आपण जाड झालो. तासाभरात कुणाची छाती दोन इंचांनी वाढत नाही, हे तिलाही कळतं. तरी दोष अंगावर जातो, कपड्यावर जात नाही. कारण या मापांविषयी आपल्या मनात काही समजुती पक्क्या बसलेल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा चुकीच्या आहेत.

गैरसमज : ३८ म्हणजे ३८ इंच. आकड्यात काय वाद घालायचा?

वस्तुस्थिती : आकडा ३८ इंचच सांगतो, पण कशाचे ते सांगत नाही. माझ्या मते आपल्या बाजारातला निम्मा घोळ इथेच आहे. तयार कपड्याला दोन मापं असतात, एक अंगाचं आणि एक कपड्याचं. ताणलं न जाणारं सुती किंवा रेयॉनचं कापड असेल तर हात वर करता यावा, मांडी घालून बसता यावं, म्हणून छातीच्या घेरात अंगापेक्षा साधारण दोन ते चार इंच जास्त ठेवावे लागतात. एक कंपनी ३८ लिहिते ते ‘ज्या बाईची छाती ३८ आहे तिच्यासाठी’ या अर्थाने, आणि कुर्ता प्रत्यक्षात ४१ इंचांचा शिवते. दुसरी कंपनी ३८ लिहिते ते कुर्त्याचंच माप म्हणून. म्हणजे हा दुसरा कुर्ता ३५-३६ छातीच्या बाईला नीट बसेल. दोघीही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत, फसते ती घेणारी.

हे घरी तपासता येतं. कपाटातून वेगवेगळ्या कंपन्यांचे, एकच माप लिहिलेले दोन कुर्ते काढा. बटणं लावून पलंगावर सपाट पसरा, सुरकुत्या हाताने सारख्या करा आणि एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत टेप धरा. येईल त्या आकड्याची दुप्पट म्हणजे छातीचा घेर. एक १९ इंच भरला तर घेर ३८, दुसरा साडेवीस भरला तर ४१. आपल्याकडे एका साइजपासून पुढची साइज दोन इंचांवर असते. म्हणजे लेबल तेच असूनही हे दोन कुर्ते दीड साइजने वेगळे निघाले.

लेगिंग्जची गोष्ट नेमकी उलटी. ते कापड ताणलं जातं, म्हणून कपडा अंगापेक्षा लहानच बेततात. तेव्हा ‘वर एल लागतो मग खालीही एलच लागणार’ या हिशेबाला काही अर्थ नाही.

गैरसमज : निदान एकाच कंपनीचे, एकाच साइजचे दोन कपडे तरी सारखे असतात.

वस्तुस्थिती : कारखान्यात कपडे एकेक करून कापत नाहीत. कापडाचे पन्नास-साठ थर लांब टेबलावर एकावर एक अंथरले जातात, वर मापाची आखणी असते आणि कटिंग मास्टर उभ्या पात्याच्या मशीनने सगळे थर एकदम कापतो. कापड निसरडं असेल तर थर सरकतात, पातं किंचित कलतं, आणि सगळ्यात वरचा तुकडा व सगळ्यात खालचा तुकडा यांत थोडा फरक पडतो. पुढे शिलाईत कुणी शिवण दोन दोरे आत घेतं, कुणी बाहेर. हे होणारच, म्हणून किती फरक चालेल ते आधीच ठरवलेलं असतं. छातीच्या घेरात अर्धा इंच कमी किंवा अर्धा इंच जास्त, हे सर्रास चालतं. ४० इंचांचा म्हणून शिवलेला एक कुर्ता साडेएकोणचाळीस आणि दुसरा साडेचाळीस असला तरी तपासणीत दोन्ही पास. या दोघांत अर्ध्या साइजचं अंतर आहे. त्यामुळे त्याच साइजचे दोन-तीन पीस मागून घालून बघणारी बाई नखरेल नसते, तिचा हिशेब बरोबर असतो.

त्यात धुणं. न आटवलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात पाच टक्के आटलं तर ४६ इंच उंचीचा कुर्ता दोन इंचांहून जास्त वर चढतो. कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं, म्हणून घेर फारसा बदललेला दिसत नाही, पण मुंढा काचायला लागतो.

गैरसमज : साइज वाढत जाते तसा कपडा सगळीकडून त्या प्रमाणात मोठा होतो, म्हणून मोठी साइज घेतली की प्रश्न सुटतो.

वस्तुस्थिती : कपडा सगळीकडून मोठा होतो, अंग मात्र तसं वाढत नाही. बहुतेक कंपन्या मधल्या एका साइजचा नमुना एका बाईच्या अंगावर बसवून पक्का करतात. ही बाई कोण, हे कंपनीचं गिऱ्हाईक कोण त्यावर ठरतं. कॉलेजच्या मुलींसाठी कपडे काढणाऱ्यांची ‘एम’ची बाई आणि पंचेचाळिशीतल्या नोकरदार बायकांसाठी काढणाऱ्यांची ‘एम’ची बाई या दोघींच्या बांध्यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. मग त्या एका नमुन्यात ठरावीक इंच वाढवून किंवा कमी करून बाकीच्या साइज काढतात. छातीत दोन इंच, कमरेत दोन, सीटमध्ये दोन, खांद्यात थोडं, बाहीत थोडं.

पण वजन वाढलं म्हणून खांद्याचं हाड त्या बेताने रुंद होत नाही. वाढतं ते पोट, दंड, पाठ, आणि प्रत्येकीचं वेगळ्या ठिकाणी. म्हणून डबल एक्सएलच्या कुर्त्यांबद्दलची तक्रार ठरलेली असते : खांद्यात उतरलाय आणि दंडात रुततोय. ती बाई कागदावरच्या बेरजेत बसत नाही इतकंच. त्या कुर्त्यात तिच्या दंडाचा विचार कुणी केलेलाच नसतो.

गैरसमज : हा सगळा बायकांना खूश करण्यासाठी मोठ्या मापावर लहान आकडा चिकटवण्याचा डाव आहे.

वस्तुस्थिती : असं होतं, आणि अमेरिकेत तर ते डोळ्यांवर येण्याइतकं झालं. सीअर्स कंपनीच्या १९३७च्या कॅटलॉगमध्ये ३२ इंच छातीच्या ड्रेसवर १४ नंबर होता. १९६७मध्ये तीच छाती ८ नंबरात जाऊन बसली आणि या शतकात शून्य नंबरावर आली. पण सगळा घोळ याच एका कारणावर ढकलला की आधीची दोन कारणं, म्हणजे अंगाच्या व कपड्याच्या मापातली सरमिसळ आणि एका नमुन्यावरून काढलेल्या साइज, नजरेआड होतात. आपल्याकडे ती दोनच जास्त छळतात.

गैरसमज : सरकारने एकदाच काय ती मापं ठरवून द्यावीत, म्हणजे सगळीकडे एकसारखं होईल.

वस्तुस्थिती : अमेरिकेने हा प्रयोग करून पाहिला, आणि तो फसला. तिथे तयार कपड्यांचा धंदा वाढला तेव्हा प्रत्येक कंपनी आपल्या मनाने नंबर देत होती. मुलींच्या कपड्यांना तर वयावरून नंबर असत, १४ वर्षांच्या मुलीला १४ नंबर. कपडे परत येण्याचं प्रमाण वाढलं तसं कंपन्यांना आणि टपालाने कपडे विकणाऱ्यांना नुकसान सोसवेना. १९३९-४०मध्ये तिथल्या कृषी खात्यातील रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी सुमारे १५ हजार स्त्रियांची मापं घेतली. प्रत्येकीची ५९. मापं द्यायला येणाऱ्या स्त्रियांना थोडे पैसे मिळत, म्हणून त्यात गरजू स्त्रिया जास्त आल्या. आणि गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापं अंतिम हिशेबात धरलीच नाहीत. देशभरातल्या बायकांच्या मापांचा पाया असा एका बाजूला कललेला होता.

त्या आकड्यांवर उभारलेलं प्रमाण १९५८मध्ये जाहीर झालं. नंबरासोबत उंचीसाठी एक अक्षर आणि नितंबांच्या घेरासाठी अधिक-उण्याचं चिन्ह अशी ती रचना होती. कागदावर छान दिसणारी. पण त्यात गृहीत धरलेला भरलेली छाती आणि बारीक कमर असा बांधा सगळ्या बायकांचा नव्हता. कंपन्यांनी हळूहळू तिच्याकडे पाठ फिरवली. पुढे ती पाळणं ऐच्छिक झालं आणि १९८३मध्ये ते प्रमाण मागेच घेतलं गेलं. आज एकच ड्रेस ब्रिटनमध्ये १२, अमेरिकेत ८, जर्मनीत ३८, फ्रान्समध्ये ४० आणि इटलीत ४४ नंबराचा असतो. परदेशातल्या मावशीने आणलेला ड्रेस बसला नाही, तर मावशीचं चुकलं असं समजू नये.

आपल्याकडे केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने ‘निफ्ट’ या संस्थेने ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प २०१८मध्ये जाहीर केला. मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर आणि शिलाँग या सहा शहरांतल्या १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापं त्रिमिती स्कॅनरने घ्यायची, असा त्याचा आराखडा. शिलाँगची निवड मला विशेष पटते, कारण ईशान्येकडच्या बांध्याचा विचार इथल्या तयार कपड्यांत क्वचितच होतो. या मापांवरून केलेल्या तक्त्याने भारतीय बायकांना इंग्लंड-अमेरिकेच्या नमुन्यावर बेतलेले कपडे घालावे लागणार नाहीत, हा फायदा खराच. पण कोकणातली आणि पंजाबातली बाई एका तक्त्यात बसवली तरी दोघींचे खांदे वेगळेच राहणार.

गैरसमज : फ्री साइज सगळ्यांना होते.

वस्तुस्थिती : होत नाही. फ्री साइज म्हणजे दुकानदाराने एकच साइज ठेवली आहे, एवढंच.

गैरसमज : पुरुषांचं बरं असतं. पँटवर ३६ म्हणजे ३६ इंच कंबर.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या ‘एस्क्वायर’ मासिकाच्या लेखकाने २०१०मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या ३६ लिहिलेल्या पँटी टेपने मोजल्या. एक तर ४१ इंच भरली. पुरुषांची पँट पोटाखाली बांधलेली असते, म्हणून बोभाटा होत नाही.

गैरसमज : ब्राच्या मापातलं अक्षर म्हणजे स्तनांचा आकार. सी म्हणजे मोठा, बी म्हणजे मध्यम.

वस्तुस्थिती : अक्षर एकट्याने काहीच सांगत नाही. ते छातीच्या खालचा घेर आणि छातीचा सर्वांत मोठा घेर यांतला फरक दाखवतं. म्हणून ३२चा सी कप आणि ३८चा सी कप यांत बरंच अंतर असतं. ३४ सी आणि ३६ बी या दोन्हींच्या कपात मात्र जवळपास तेवढीच जागा असते, फक्त पट्टा वेगळा. पट्टा काचतो म्हणून पुढचा नंबर घेताना अक्षर तेच ठेवलं, तर कप मोठा होऊन पोकळ राहतो. दुकानात ‘साइज काय?’ या प्रश्नाला घाईघाईने पुटपुटून दिलेलं उत्तर पुष्कळदा दहा वर्षांपूर्वीचं असतं. बाळंतपणानंतर आणि चाळिशीनंतर टेप पुन्हा धरायलाच हवी.

गैरसमज : घट्ट झालं तर शिंप्याकडून उसवून घेऊ.

वस्तुस्थिती : ब्लाउजबाबत हे खरं आहे, कुर्त्याबाबत सहसा नाही. आपल्याकडच्या रेडीमेड ब्लाउजमध्ये बाजूच्या शिवणीत भरपूर माया सोडलेली असते. ३६चा ब्लाउज टाके उसवून ३८ किंवा ४०पर्यंत नेता येतो. बायकांची अंगं बदलतात हे गृहीत धरून बेतलेला दुकानातला हा बहुधा एकमेव कपडा. कारखान्यातल्या कुर्त्याची शिवण मात्र ओव्हरलॉक करून जेमतेम अर्धा इंच ठेवून छाटलेली असते. तो आत घेता येतो, बाहेर सोडता येत नाही. म्हणून दोन साइजमध्ये अडकलात तर मोठी घ्या आणि बाजूने टीप मारून घ्या. आधी खांदा बघा, तो बसला की बाकीचं दुरुस्त होतं. उतरलेला खांदा दुरुस्त करायला शिंपी कुरकुरतो, कारण त्याला बाहीच काढून पुन्हा लावावी लागते.

गैरसमज : लेबलवर काय लिहायचं हे कंपनीच्या मर्जीवर आहे, गिऱ्हाइकाला विचारायचा हक्क नाही.

वस्तुस्थिती : कोणत्या अंगाला एम म्हणायचं, यावर खरोखरच कुणाचं बंधन नाही. पण वैधमापनाच्या नियमांत २०२२मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एस, एम, एल अशा खुणेसोबत माप मेट्रिक एककात, म्हणजे सेंटिमीटर किंवा मीटरमध्येही द्यावं लागतं. त्याच्या जोडीला एमआरपी, उत्पादकाचं नाव आणि तक्रारीसाठी फोन व ईमेल. पुढच्या वेळी ट्रायल रूममध्ये जाण्याआधी लेबल उलटून सेंटिमीटरचा आकडा शोधा. स्वतःची छाती, कंबर आणि सीट यांची मापं सेंटिमीटरमध्ये मोबाइलमध्ये लिहून ठेवा (३८ इंच म्हणजे साडेशहाण्णव सेंटिमीटर). लेबलवरचा आकडा अंगाचा की कपड्याचा, हे विक्रेत्याला विचारा, त्याला सांगता आलं नाही तर पिशवीतून टेप काढा. ऑनलाइन घेत असाल तर तक्त्याच्या वर ते माप कशाचं आहे ते वाचल्याशिवाय साइज निवडू नका. आणि लेबलवर सेंटिमीटरचा आकडाच नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.