हळदीचे गाव कोणते?

उन्हाळा लागताच रिसोड व वाशीमच्या बाजारात हळकुंडांची पोती उतरू लागतात. चौकशी केली असता व्यापारी ‘सेलम’ एवढेच सांगतो. सेलम हे तामिळनाडूतील शहर. येथे मात्र तो केवळ वाणाचा निर्देश असतो, आणि ती हळद पैनगंगेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत वाढलेली असू शकते. औषधासाठी द्रव्य घेणाऱ्याने या एका शब्दावर समाधान मानावे काय?

सुश्रुतांनी सूत्रस्थानात भूमिविचारासाठी स्वतंत्र अध्याय दिला आहे. विरेचनद्रव्ये पृथ्वी व जल यांचे गुण अधिक असलेल्या भूमीतून, तर वमनद्रव्ये अग्नी, आकाश व वायू यांचे आधिक्य असलेल्या भूमीतून घ्यावीत, असा त्यांचा उपदेश आहे. हळदीतील कर्क्युमिन हे प्रतिऑक्सिडीकारक पॉलिफेनॉल. त्याचे प्रमाण प्रथम वाणावर ठरते. परंतु तोच वाण निराळ्या जमिनीत, निराळ्या पाऊसमानात लावला की तेही बदलते. मेघालयातील लाकाडोंग हळदीत ते सुमारे ७ टक्के आढळते, बाजारातील पुष्कळशा हळदीत ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मात्रा ग्रॅममध्ये तीच, द्रव्य मात्र निम्म्याहून कमी!

वर्ध्याच्या वायगाव हळदीस २०१६ मध्ये आणि आपल्या शेजारच्या हिंगोलीतील वसमत हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने उगमस्थान कळते. पोत्यातील प्रमाण प्रयोगशाळेतच कळते. मात्र परीक्षानळीत दिसलेली प्रतिऑक्सिडीकारक शक्ती रुग्णाच्या शरीरात तशीच प्रकटते, असे मानू नये. अन्नपदार्थांच्या अशा आकड्यांची सारणी अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१२ मध्ये याच कारणास्तव मागे घेतली.

आम्हीही एकदा फसलो. हरिद्राखंडासाठी वर्णाने तेजस्वी चूर्ण घेतले. गंध मात्र मंद. पुरवठादारास गाव सांगता आले नाही, काढणीचे वर्षही नाही. ते चूर्ण बाजूस ठेवावे लागले. दोष सर्वस्वी त्याचाच, असे तरी कसे म्हणावे? कर्क्युमिन प्रकाशाने विघटित होते, आणि आमच्या औषधालयातील पारदर्शक बरण्या वर्षानुवर्षे रस्त्याकडील उन्हातच मांडलेल्या होत्या.

आता आम्ही अखंड हळकुंडे थेट शेतकऱ्याकडून घेतो, आवश्यक तेवढेच चूर्ण करतो आणि डब्यावर वाण, गाव व काढणीचा महिना लिहितो. एका शेतकऱ्याने विचारले, “डॉक्टरसाहेब, लिलावात लांबी अन् रंग पाहून बोली लागते, गुणाचा भाव कोण देणार?” त्याला त्या दिवशीच्या बाजारभावाहून अधिक रक्कम दिली. औषधनिर्मात्या बंधूंनी आपल्या खरेदीपत्रकात गावाचा एक रकाना वाढविल्यास त्याच्यासारख्यांना दुसरे गिऱ्हाईक मिळेल.