डोळा पाहतो की मेंदू?

अंगणात आंब्याचे झाड आहे आणि त्याखाली गाय उभी आहे, हे आपल्याला पाहताक्षणीच कळते. त्यासाठी काही श्रम पडतात, असे आपल्या मनातही येत नाही. परंतु डोळ्याच्या पडद्याला गाय ठाऊक नसते. त्याला कळतो तो केवळ ठिकठिकाणचा कमीअधिक प्रकाश. त्यातून गाय ओळखावी लागते ती मेंदूलाच. ती कशी?

१९५८ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोन शास्त्रज्ञ याच प्रश्नाच्या मागे लागले होते. गुंगी दिलेल्या मांजराच्या मेंदूत, मागील बाजूस जेथे दृष्टीचे केंद्र असते तेथे, त्यांनी धातूची अतिशय बारीक तार बसवली होती. एखादी पेशी जागी झाली, की ध्वनिक्षेपकातून कटकट असा आवाज येई. काचेच्या पट्टीवरचा काळा ठिपका त्यांनी मांजराला परोपरीने दाखवून पाहिला. पण पेशी ढिम्म! एकदा पट्टी यंत्रात सरकवीत असताना मात्र एकाएकी कडकडाट सुरू झाला. पेशीला ठिपक्याचे काहीच सोयरसुतक नव्हते! काचेच्या कडेची पुसट सावली डोळ्यात सरकली होती. त्या रेषेने ती जागी झाली, आणि तीही रेषा एका ठरावीक दिशेने कललेली असेल तेव्हाच. दुसऱ्या पेशीला दुसऱ्या कलाची रेषा लागे. १९८१ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधावरून जपानमधील कुनिहिको फुकुशिमा यांना एक कल्पना सुचली. १९८० साली त्यांनी मेंदूच्या धर्तीवर एक गणिती नमुना रचला. त्यात एकावर एक थर होते. पहिल्या थराने नुसत्या रेषा हेराव्यात, पुढच्यांनी त्या जुळवून कोपरे व वळणे ओळखावीत, आणि शेवटच्याने हा अंक कोणता ते सांगावे. हाताने लिहिलेला अंक थोडा सरकला किंवा वेडावाकडा झाला, तरी हा नमुना तो ओळखी. (वह्या तपासताना आम्हा शिक्षकांना हेच करावे लागते!)

पुढे असे नमुने पुष्कळ सुधारले. २०१४ साली अमेरिकेत त्यांची तुलना माकडाच्या मेंदूशी केली गेली, तेव्हा वरच्या थरांचे वर्तन तेथील पेशींशी बरेच जुळले. मग मेंदूचे कोडे सुटले काय? २०१८ साली जर्मनीत शास्त्रज्ञांनी एक गमतीदार चित्र तयार केले. आकार मांजराचा, पण अंगावर हत्तीच्या कातडीच्या सुरकुत्या. माणसे असे चित्र पाहून म्हणत, ‘मांजर’. नमुना म्हणाला, ‘हत्ती’.