‘आरोग्यपच्चा’ आणि स्वामित्वधनाचा वाटा

संशोधनसंस्थेत सिद्ध झालेल्या औषधाच्या उत्पन्नात वाटा कोणाचा, हे ‘जीवनी’ कल्पावरून समजून घेता येते. १९८७ मध्ये केरळातील अगस्त्य पर्वतात काणी वाटाड्यांनी संशोधकांना श्रमहर ‘आरोग्यपच्चा’ दाखविली. तिच्या पानांत अश्वगंधा, पिंपळी आदी द्रव्ये योजून तिरुवनंतपुरमच्या वनस्पती उद्यान संशोधनसंस्थेने कल्प सिद्ध केला. १९९५ मध्ये कोइमतूरच्या औषधशाळेस सात वर्षांचा परवाना मिळाला : शुल्क दहा लाख रुपये, विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन. यातील निम्मा भाग संस्थेने काणींना दिला. मात्र तो स्वीकारणारा न्यास १९९७ मध्ये स्थापन झाला. वस्तुतः हा क्रम उलट हवा होता. पुढे वनखात्याच्या आक्षेपांमुळे पानांचा पुरवठाच अडला. औषधच निघेना, तेव्हा दोन टक्के कशाचे मोजावयाचे?