किडनीवरच्या ग्रंथीत रक्तस्राव झाला तर

आपल्या दोन्ही किडन्यांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिला अ‍ॅड्रिनल म्हणतात. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम; पण दुखण्यात रक्तदाब आणि रक्तातली साखर टिकवून धरणारं कॉर्टिसोल तीच बनवते.

क्वचित या ग्रंथीत रक्तस्राव होतो. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, पोटाला लागलेला जबर मार, मोठं ऑपरेशन, रक्त पातळ करणारी औषधं ही त्याची कारणं. एका बाजूला झाला तर दुसरी ग्रंथी काम सांभाळते. दोन्हींत झाला तर जिवावर बेततं.

ओळखायचं कसं? पोटात, कुशीत किंवा पाठीत एकाएकी दुखतं. ताप, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणं. सलाईन देऊनही रक्तदाब वर येत नाही. अशा वेळी ‘अशक्तपणा आहे, उतरेल’ म्हणून घरी थांबू नका. 108 ला फोन करा.

दवाखान्यात रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, साखर, कॉर्टिसोल तपासतात आणि पोटाचा सीटी स्कॅन करतात. पण संशय दाट असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट पाहत नाहीत. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाईन लगेच सुरू करतात. त्यानंच जीव वाचतो. ऑपरेशन क्वचितच लागतं.

अडलेल्या बाळंतपणात, वजनदार किंवा गुदमरलेल्या बाळालाही हा रक्तस्राव होऊ शकतो. बाळ पांढरं पडतं, कावीळ लांबते, कुशीत गाठ लागते. सोनोग्राफीत ते दिसतं. बहुतेक बाळांची गाठ काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप विरते. तरी सांगितलेल्या तारखेला पुन्हा सोनोग्राफी कराच. गाठ लहान होत गेली, तरच ती रक्ताची होती याची खात्री पटते.

दोन्ही ग्रंथी निकामी झाल्या तर स्टेरॉइडच्या गोळ्या रोज, बहुधा जन्मभर घ्याव्या लागतात. बरं वाटलं म्हणून बंद केल्या, तर पुन्हा तेच संकट. आपल्या बीडच्या कितीतरी बायका ऊसतोडीला जातात. तिथं फडावर गोळ्या संपल्या तर? म्हणून निघण्याआधी हंगामभराच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत घ्या. तापात डोस किती वाढवायचा, तेही लिहून घ्या. उलटीमुळे गोळी पोटात ठरत नसेल, तर इंजेक्शनसाठी दवाखाना गाठा. आणि ही गोष्ट जोडीदाराला, मुकादमाला सांगून ठेवा. तुम्ही बेशुद्ध पडलात, तर तुमच्या वतीनं बोलायला तेच असतील.