सुमन सही का करत नाही?

सकाळी ६
दिवाळी अंकाची कथा द्यायची आहे आणि ऑगस्ट सरत आला. प्रसंग हाताशी आहेत. वडील वारतात, सातबाऱ्यावर वारसांची नावं लागतात, दत्ता बहिणीला हक्कसोडपत्रासाठी तालुक्याला बोलावतो, सुमन येते आणि ऐन वेळी नाही म्हणते. ती नाही का म्हणते, हे सापडलेलं नाही. ते सापडेपर्यंत या नुसत्या घटना आहेत, कथानक नव्हे.

सकाळी ८
प्रसंग कार्डांवर लिहून सतरंजीवर मांडले. एकेक उचलून बघते : हे काढलं तर पुढचं अडतं का? अ‍ॅरिस्टॉटलची ही जुनी कसोटी आहे. जो भाग काढून काही बिघडत नाही, तो त्या रचनेचा भागच नसतो. विहिरीच्या पाळीवरचं भांडण काढलं, कुठंच अडलं नाही. दत्ता रात्री लाइट आल्यावर मोटार सुरू करायला जातो, तो सगळा प्रसंग मनासारखा उतरला होता. तरी बाजूला ठेवला.

सकाळी १०
नकाराची कारणं लिहून काढली. जावयाला फ्लॅटसाठी पैसे हवेत. वहिनी टोचून बोलली. दोन्ही खपून जातील, पण दोन्हींत सुमनला दुसरं कुणीतरी ढकलतं. मला तिचा स्वतःचा नकार हवा आहे.

दुपारी १२
ओळखीच्या एका निवृत्त तलाठ्यांकडे गेले. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा, मग फेरफाराची नोंद, हितसंबंधितांना नोटिसा, हरकतीला १५ दिवस, शेवटी मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, हा क्रम त्यांनी बोटांवर मोजून सांगितला. मग विचारलं, "ताई, म्हातारी कुठाय तुमच्या गोष्टीत?"
"घरी आहे."
"घरी कशी? तीही वारस. जमीन एकट्या दत्ताच्या नावावर करायची, तर तिलाही सोडून द्यावं लागणार."
कायद्यानं विधवा आई मुलामुलींच्या बरोबरीची वारस असते, हे मी वाचलेलं होतं. पण बहिणीच्या सहीची चर्चा गावभर होते; आईची सही सगळे धरूनच चालतात.
"अंगठा देईल का ती?"
"अंगठा आता सगळ्यांचाच घेतात मशीनवर. सही येत असेल तर सहीच करणार."

दुपारी ३
सही येते तिला. सुमननंच शिकवली, शाळेत असताना, पाटीवर. आता कचेरीत आई मान खाली घालून तीच अक्षरं काढते आहे आणि सुमन बघते आहे. स्वतःचा वाटा सोडायला ती तयार होऊनच आली होती. आईच्या नावावर काहीच उरणार नाही, हे तिला त्या क्षणी दिसतं. म्हणून ती पेन घेत नाही. यात जावई लागत नाही, वहिनीही लागत नाही.

संध्याकाळी ५
आता मागं जायचं. पाटीचा प्रसंग सुरुवातीलाच हवा, तोही सहज. वाचकानं तो जपून ठेवता कामा नये. मधे आई कुठल्या तरी पावतीवर हौसेनं सही करते, एवढं पुरे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येत होती. छापून गेलेल्या प्रकरणात असं काही पेरता येत नाही. मला येतं, तर ते नीट पेरलंच पाहिजे.

रात्री ९
ते १५ दिवस मोह घालतात. सुमननं सही करावी आणि नंतर हरकत घ्यावी? कागदोपत्री नाट्य वाढेल, पण तिचा नकार आईसमोरून उठून अर्जात जाईल. नको. नोटिसांचं कार्ड काढून टाकलं.
दत्ता मात्र अजून कच्चा आहे. तो लबाड असला तर कथा स्वस्त होईल. त्याला जमीन एकट्याच्या नावावर आत्ताच का हवी, याचं कारण सुमनच्या कारणाइतकंच खरं असायला हवं. उद्या सकाळी त्याच्यापासून सुरुवात.