टाच, चवडा आणि दोन पेडलांमधील अंतर

एकाच पायाने एकाच वेळी दोन पेडले दाबावयाची. त्यांपैकी एकावरील दाब अखंड आणि स्थिर ठेवावयाचा, व दुसऱ्यावर मात्र क्षणभर, पण मोजका दाब देऊन पाय काढून घ्यावयाचा. अशी ही क्रिया मोटार चालविण्याच्या विद्येत ‘हील-अँड-टो’ या नावाने ओळखली जाते. आपण तिला टाच-चवडा पद्धती म्हणू. तिचे क्षेत्र मुख्यतः शर्यतीचे. परंतु कौशल्यसंपादनाच्या अभ्यासकास ती एका निराळ्या कारणासाठी विचारार्ह वाटावी. ज्यांना ही क्रिया साधत नाही ते बहुधा आपल्या पायाला दोष देतात. वस्तुतः अडचणीचे मूळ पुष्कळदा पेडलांच्या मांडणीत असते. आणि ती मांडणी, पुढे दिसेल त्याप्रमाणे, अविचाराने केलेली नसते.

प्रथम या क्रियेची गरज काय ते पाहू. समजा, एखाद्या मोटारीच्या तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.४ आणि दुसऱ्याचे २.० आहे, व ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे मिनिटाला ३,००० फेरे होत आहेत. पुढे वळण आले, चालकाने ब्रेक दाबून वेग ४० वर आणला. आता तिसऱ्या गिअरमध्ये फेरे २,००० होतील. याच वेगास दुसऱ्या गिअरमध्ये मात्र सुमारे २,८५० फेरे हवेत. दरम्यान क्लच दाबला गेल्यामुळे चाकांपासून सुटलेले इंजिन तर हजाराच्याही खाली उतरू पाहते. अशा स्थितीत क्लच सोडला, तर ही सारी तूट भरून काढण्याचे काम चाकांवर पडते. इंजिनाला ओढून वेगात आणताना ती चाके स्वतः अडखळतात, आणि गाडीला झटका बसतो. ज्या मोटारींत इंजिनाची शक्ती मागील चाकांना मिळते त्यांत हा प्रकार विशेष घातक होय. कारण ब्रेक दाबलेला असताना गाडीचा भार पुढे सरकलेला असतो, मागील चाकांची रस्त्यावरील पकड आधीच उणावलेली असते, आणि नेमक्या त्याच चाकांवर हा नवा रोध येऊन पडतो. ओल्या रस्त्यावर गाडीची मागील बाजू घसरावयास एवढे पुरते.

इंजिनाचे फेरे वाढवून मगच खालचा गिअर टाकणे, ज्याला आपल्याकडील चालक ‘रेस देणे’ म्हणतात, ही युक्ती काही शर्यतीच्या मैदानाची मिरासदारी नव्हे. सिंक्रोमेश नसलेल्या जुन्या मालमोटारींचे चालक घाटात डबल क्लच मारून हेच करीत असत. फरक इतकाच, की त्यांचा उजवा पाय त्या वेळी ब्रेकवर नसे. टाच-चवडा पद्धतीत ब्रेक सुटता कामा नये, ही अट आहे, आणि सारी अवघडता त्या एका अटीतून उत्पन्न होते.

आता पेडलांकडे वळू. आजच्या बहुतेक मोटारींत ब्रेकचे पेडल वरून टांगलेले असते व विश्रांतीच्या स्थितीत ते ॲक्सिलरेटरपेक्षा काही सेंटिमीटर उंच, म्हणजे चालकाच्या अधिक जवळ, असते. शिवाय दोहोंमध्ये आडवे अंतरही असते. उजव्या बाजूस सुकाणू असलेल्या लहान मोटारींत पुढील चाकाच्या कमानीमुळे पेडले डावीकडे सरकविली जातात, आणि चालकाचे पाय धडाशी तिरपे होतात. १९५९ साली ब्रिटनमध्ये निघालेली मिनी हे याचे सुपरिचित उदाहरण आहे. जुन्या बेंटलीसारख्या काही मोटारींत तर ॲक्सिलरेटर मध्यभागी आणि ब्रेक त्याच्या उजवीकडे असे. तेथे पायाची सारी रीतच पालटते. तात्पर्य, ‘टाच’ आणि ‘चवडा’ ही नावे शब्दशः घेण्यात अर्थ नाही. पेडले जवळजवळ असतील तर चवड्याचा आतील अर्धा भाग ब्रेकवर ठेवून करंगळीकडील कड ॲक्सिलरेटरवर कलती करणे पुरते. टाचेचा संबंध येतच नाही. अंतर मोठे असेल, किंवा ॲक्सिलरेटर जमिनीलगत बिजागरीवर बसविलेला असेल, तरच बोटे डावीकडे व टाच उजवीकडे अशी पायाची फिरकी घ्यावी लागते. या दुसऱ्या रीतीत गुडघा आत वळतो आणि, जी गोष्ट सहसा सांगितली जात नाही ती ही, की टाचेचा जमिनीवरील आधार सुटतो. आधार सुटला म्हणजे ब्रेकवरील दाब घोट्याने नव्हे, तर सबंध पायाने सांभाळावा लागतो. शिकाऊ चालकाचा ब्रेक रेस देतेवेळी हटकून कमीजास्त होतो त्याचे कारण बव्हंशी हे आहे.

तर मग निर्मात्यांनी दोन्ही पेडले एका पातळीत का ठेवू नयेत? या प्रश्नाचे उत्तर अपघातांच्या अभ्यासात सापडते. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात अमेरिकेत मोटारी आपोआप उसळून धावल्याच्या तक्रारींनी मोठी खळबळ उडाली होती. ऑडी ५००० या मोटारीचे नाव त्यात विशेष गाजले. त्या प्रकरणी अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा प्रशासनाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा, की बहुसंख्य घटनांत चालकाने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला असावा. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड श्मिट यांनी याच प्रमादाची मानवी बाजू तपासली. चालकाची निवड बरोबर असते, त्याला ब्रेकच हवा असतो, पण पाऊल इच्छित जागेवर पडत नाही आणि ते त्याला कळतही नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. ब्रेक उंच आणि ॲक्सिलरेटर खोल ठेवण्याचा लाभ येथे स्पष्ट होतो: ब्रेकवर घाईने पडलेला पाय थोडा उजवीकडे चुकला तरी ॲक्सिलरेटर त्याबरोबर दाबला जाऊ नये. म्हणजे टाच-चवडा शिकणाऱ्यास जी गैरसोय वाटते तीच इतर साऱ्या चालकांचे संरक्षण आहे. दोन्ही हेतू एकाच मांडणीत पूर्णपणे साधणे शक्य नाही.

तथापि ही गैरसोय स्थिर नसते, आणि प्रस्तुत विषयातील मर्म माझ्या मते येथेच आहे. ब्रेक जितका जोराने दाबावा तितके त्याचे पेडल खाली जाते व ॲक्सिलरेटरच्या पातळीजवळ येते. शर्यतीतील चालक पूर्ण जोराने ब्रेक दाबतो, म्हणून त्याला दोन्ही पेडले जवळपास समतल सापडतात. नवशिका मात्र सावधपणे, मंद वेगात, हलक्या ब्रेकवर सराव करतो. तेथे उंचीतील फरक सर्वांत अधिक असतो. जी स्थिती सर्वांत सुरक्षित म्हणून निवडली तीच सर्वांत कठीण निघावी, असा हा विपरीत योग आहे. मग ॲक्सिलरेटरपर्यंत पोहोचण्यासाठी तो नकळत ब्रेक अधिक दाबतो, गाडी एकदम रोधली जाते, आणि आपला घोटा ताठर आहे असा समज करून घेतो.

म्हणून सरावापूर्वी मोजमाप करावे. गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवावे, आणि मध्यम जोराने ब्रेक दाबून दोन्ही पेडलांच्या पातळीत किती फरक उरतो ते पाहावे. इंजिन बंद ठेवून केलेले मापन फसवे असते. ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात टाकी दोनतीन दाबांतच रिती होते, पेडल कठीण होते आणि प्रत्यक्षात जाते तितके खाली जात नाही. मध्यम दाबावरही पायाची कड ॲक्सिलरेटरला टेकत नसेल, तर त्या गाडीत सार्वजनिक रस्त्यावर या पद्धतीचा हट्ट धरू नये. ब्रेकचे काम आधी पुरे करावे, पाय उचलून रेस द्यावी, मग दुसरा गिअर टाकून वळणात शिरावे. घाट उतरताना एवढे कौशल्य पुरेसे असते.

मांडणी अनुकूल असल्यास सरावाचा क्रम कसा असावा? भाग वेगळे करून शिकावे की अखंड क्रियाच गिरवावी, हा कौशल्यशिक्षणातील जुना वाद आहे. ज्या कार्याचे घटक परस्परांत घट्ट गुंतलेले असतात ते एकसंधपणे शिकविणे अधिक फलदायी, असे नेलर व ब्रिग्ज यांनी १९६३ मध्ये दाखविले. आपले उदाहरण याच जातीचे आहे. ब्रेक न दाबता केवळ रेस देऊन खालचा गिअर टाकण्याचा सराव उपयुक्त खरा, कारण त्यातून ॲक्सिलरेटर किती दाबला असता किती फेरे वाढतात याचा कानाला अंदाज येतो; पण त्यात फार काळ रेंगाळू नये. यापुढची पायरी म्हणजे मोकळ्या, बंदिस्त जागेत ब्रेक स्थिर ठेवून, गिअर न बदलता, क्लच दाबून नुसती रेस देणे. शेजारी बसलेल्याचे डोके पुढे झुकले तर ब्रेकवरील दाब ढळला असे समजावे. याहून सोपे मापनयंत्र नाही. गिअर बदलणे शेवटी जोडावे.

ॲक्सिलरेटरवर जाड पट्टी बसवून उंची साधण्याचा उपाय अनेक जण करतात. पट्टी पक्क्या स्क्रूंनी बसविलेली हवी आणि ती पायपुसण्यात वा ब्रेकखाली अडकता कामा नये, हे सांगणे नको. परंतु दुसरा धोका अधिक गंभीर आहे. ब्रेकचे तेल तापून उकळले, किंवा ब्रेकच्या दोन मंडलांपैकी एक निकामी झाले, तर ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा पुष्कळच खाली जाते. अशा वेळी उंचावलेला ॲक्सिलरेटर त्याच पायाखाली दाबला जाईल. म्हणून पट्टीची जाडी ब्रेकच्या नेहमीच्या दाबावरून न ठरविता, पेडल फार खाली गेले तरी ॲक्सिलरेटर त्याच्या वर येणार नाही, इतकीच ठेवावी.

अलीकडच्या अनेक मोटारींत हा प्रश्न यंत्रानेच आपल्या हाती घेतला आहे. निस्सान ३७० झेड या मोटारीत २००९ च्या आवृत्तीपासून खालचा गिअर टाकताना इंजिन आपोआप योग्य फेऱ्यांवर आणण्याची योजना आली. उलटपक्षी, विजेच्या संदेशांवर चालणाऱ्या ॲक्सिलरेटरच्या कित्येक मोटारींत ब्रेक व ॲक्सिलरेटर एकदम दाबले असता इंजिनाची शक्ती मुद्दाम तोडली जाते. अशा गाडीत पाय कितीही तयार असला तरी रेस मिळत नाही. तेव्हा सरावास बसण्यापूर्वी आपली गाडी कोणत्या जातीची आहे, हे न्यूट्रलमध्ये ब्रेक धरून ॲक्सिलरेटर दाबून पाहावे. मात्र काही गाड्यांत ही तोड ठराविक वेगाच्या वरच लागू होते, म्हणून उभ्या गाडीतील चाचणी अनुकूल आली तरी ती निर्णायक मानू नये.