परग्रहवासी वकील: प्रश्न अडतो एका शब्दावर

समजा, पिंगळीच्या शिवारात परग्रहवासी उतरला, पोलिसांनी त्याला धरलं आणि त्याच्या बचावासाठी त्याच्याच ग्रहावरचा वकील परभणीच्या कोर्टात आला. कथा कल्पनेतली, पण कायद्याचे प्रश्न खरे.

आरोपीला वकील मिळेल? संविधानाची कलमं २१ आणि २२(१) 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' म्हणतात. म्हणूनच पाकिस्तानी कसाबलाही वकील मिळाला. पण २२(३) मध्ये अपवाद आहे: शत्रुदेशाचा परकीय.

त्या वकिलाला उभं राहता येईल? अधिवक्ता अधिनियम, १९६१ चं कलम २४ 'नागरिक' मागतं. परदेशी माणसाला सनद हवी, तर त्याच्या देशात भारतीयांना वकिली करता आली पाहिजे. मात्र कलम ३२ नुसार कोर्ट एखाद्या खटल्यापुरती कोणत्याही 'व्यक्ती'ला परवानगी देऊ शकतं.

म्हणजे गाडी पुन्हा 'व्यक्ती'वरच अडली! कायद्यात कंपनी व्यक्ती आहे, देवाची मूर्तीसुद्धा. मग परग्रहवासी?

संशोधनाचा विषय निवडताना हेच करा: सगळं ज्या शब्दावर टेकलंय, तो शोधा. कागदपत्रं नसलेल्या कैद्याचा हक्कही याच शब्दावर उभा आहे.